ट्रक आठला येतो म्हणाला होता



इंदूर, हैदराबाद, बडोदा, दिल्ली, बंगळुरू, कुठेही बसून तुम्ही हे ऐकत असाल, पण एक गोष्ट बहुतेक सगळ्यांना लागू असेल. तुम्ही कधी ना कधी सामान बांधून एका गावाहून दुसऱ्या गावाला गेला असाल. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. पण विंचू सुखी आहे. त्याला ट्रकची वाट बघावी लागत नाही.

आज मला घर हलवण्याच्या दिवसाबद्दल बोलायचं आहे. नव्या घराच्या सजावटीबद्दल नाही. ज्या दिवशी सगळं उशिरा होतं आणि आपण स्वतःलाच ओळखू येत नाही, त्या एका दिवसाबद्दल.

माझी आई बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागच्या एका गल्लीत ३८ वर्षं राहिली. भाड्याचं घर, पहिला मजला, लाकडी जिना. वडील गेल्यावर ती एकटीच होती. मालकांना जुनं घर पाडून नवं बांधायचं होतं, म्हणून आम्ही तिला बंगळुरूला आमच्याकडे आणायचं ठरवलं. तिच्यासाठी आम्हीही जरा मोठा फ्लॅट भाड्यानं घेतला होता. तारीख ठरली ३१ मे, शुक्रवार. सकाळी आठला ट्रक येणार, बारापर्यंत सामान चढणार, दुपारी मालकांना किल्ली द्यायची, रात्रीच्या गाडीनं आम्ही दोघं निघायचं. कागदावर सगळं अगदी चोख होतं.

आठ वाजले. नऊ वाजले. फोन केला, तर "निघालोय, अर्ध्या तासात पोचतो." दहाला पुन्हा फोन, पुन्हा अर्धा तास. अकरानंतर फोन उचलणंच बंद झालं. मे महिन्यातलं बडोदा, पंखे उतरवून खोक्यात गेलेले. सिलिंडर आणि रेग्युलेटर आदल्या दिवशीच एजन्सीत जमा केलेला, त्यामुळे चहासुद्धा नाही. खुर्च्या बांधलेल्या. आई देव्हारा मांडीवर घेऊन जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसली होती. शेजारच्या काकी चहा घेऊन आल्या, दर अर्ध्या तासानं येत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी दोघी नव्यानं रडल्या. निरोप एकदाच घ्यायचा असतो. आईला त्या दिवशी तो सहा वेळा घ्यावा लागला.

दुपारी पावणेदोनला माणसं आली. चार सांगितली होती, तीन आली. ट्रक गल्लीत शिरेना, म्हणून तो लांब मोठ्या रस्त्यावर उभा. आता एक छोटा टेम्पो बोलवायचा, त्यातून फेऱ्या मारायच्या, आणि त्याचे पैसे वेगळे.

मी भडकलो. त्या तिघांमध्ये एक विशीतला मुलगा होता, तो सगळ्यांत पुढे होता म्हणून माझ्या तावडीत सापडला. मी त्याला जे बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. तो काही बोलला नाही. त्यानं माळ्यावरची खोकी उतरवायला घेतली. आईनं मला हाक मारली आणि हळू आवाजात म्हणाली, "अरे, त्यानं पाणी तरी प्यायलंय का विचार."

विचारलं. तो पहाटे पाचपासून कामावर होता. दुसऱ्या एका घराचं सामान चौथ्या मजल्यावरून, लिफ्ट बंद असताना, त्या तिघांनीच खाली आणलं होतं. ते काम दहाला संपायचं होतं, एकला संपलं. तिथून थेट आमच्याकडे. जेवण नाही. चौथा माणूस तिथेच पायाला लागून घरी गेला होता. ज्यानं मला आठची वेळ दिली, तो ऑफिसात बसलेला माणूस वेगळाच होता, आणि त्यानं तीच माणसं एकाच दिवशी दोन घरांना दिली होती.

मंडळी, मला वाटतं या दिवसाचं सगळं गणित इथे आहे. उशीर एका जागी तयार होतो आणि राग दुसऱ्याच जागी निघतो. जो समोर असतो त्याच्यावर. आणि समोर नेहमी तोच असतो, ज्याच्या हातात वेळ ठरवणं नसतं.

आता उशीर होतो का, ते बघू. घर हलवण्याच्या दिवशी किमान पाच गोष्टी एकापाठोपाठ जुळाव्या लागतात. गाडी यायला हवी. माणसं यायला हवीत. बांधाबांध पूर्ण झालेली हवी. इमारतीची लिफ्ट किंवा जिना मोकळा हवा. आणि किल्ली द्यायला-घ्यायला मालक हजर हवा. समजा यातली प्रत्येक गोष्ट पाचपैकी चार वेळा वेळेवर होते. म्हणजे ८० टक्के. बरा आकडा आहे. पण पाचही गोष्टी एकाच दिवशी वेळेवर होण्याची शक्यता किती? ८० टक्क्यांना पाच वेळा गुणत जा. उत्तर येतं जेमतेम ३३ टक्के. म्हणजे सगळे बऱ्यापैकी प्रामाणिक असले, तरी तीनपैकी दोन घरांना त्या दिवशी उशीर होणारच. आणि उशीर पुढे सरकतो, वाचलेला वेळ सरकत नाही. माणसं अर्धा तास आधी आली, तरी ट्रक यायचा तेव्हाच येतो. ट्रक अर्धा तास उशिरा आला, तर सगळंच अर्धा तास मागे जातं.

त्यात आपण सगळे एकच तारीख धरतो. भाडं महिन्याच्या हिशेबानं, म्हणून ३० किंवा ३१. नोकरीवर १ तारखेला रुजू व्हायचं, म्हणून तीच. शाळा जूनमध्ये, म्हणून मे महिना. त्यात अमावास्या नको, शनिवार-रविवार मिळाला तर बरा. हे काही आपल्याकडचंच नाही. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये भाडेकरार १ मेला संपायचे आणि एकाच दिवशी अख्खं शहर गाड्यांवर सामान लादून रस्त्यावर यायचं. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात आजही १ जुलै हा घर बदलायचा दिवस म्हणून ओळखला जातो. गाड्या तेवढ्याच, माणसं तेवढीच, आणि हजारो घरं एकाच सकाळी दारात उभी. अशा वेळी आठचा ट्रक पावणेदोनला आला, तर नवल नाही. आठला आला, तर पेढे वाटा.

आता आपल्या हातात काय आहे, ते सांगतो. हे मी शहाणा होतो म्हणून सांगत नाही, चुकलो म्हणून सांगतो.

पहिलं. जुनं घर सोडायचा आणि नवं घर घ्यायचा दिवस एकच ठेवू नका. मध्ये दोन दिवस तरी ठेवा. दोन दिवसांचं जास्तीचं भाडं जड वाटतं, पण घाईत दिलेला जादा टेम्पो, चुकलेली गाडी आणि फुटलेल्या काचा यांचा हिशेब करा. त्या रात्री आमची रेल्वेगाडी चुकली. त्या दोन तिकिटांच्या पैशात मला मालकांना दोन दिवसांचं भाडं देता आलं असतं. शक्य असेल तर महिन्याच्या मधली, आठवड्याच्या मधली तारीख धरा.

दुसरं. ठरवताना वेळ विचारू नका, प्रश्न विचारा. त्या दिवशी या माणसांचं आधी दुसरं काम आहे का? किती माणसं येणार? गाडी केवढी, आणि ती आमच्या गल्लीत शिरते का? बहुतेक मोठ्या शहरांत जड वाहनांना ठराविक वेळी आत येऊ देत नाहीत. ती वेळ गाडीवाल्याला माहीत असते, आपल्याला नसते. आणि पूर्ण गाडी आपली की पार्ट लोड? पार्ट लोड म्हणजे आपल्याबरोबर दुसऱ्यांचंही सामान. ते स्वस्त पडतं, पण गाडी भरेपर्यंत थांबते, वाटेत गोदामात सामान एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाऊ शकतं. स्वस्ताईची किंमत दिवसांत मोजावी लागते.

तिसरं. कागद. सामानाची यादी, प्रत्येक खोक्याला नंबर, यादीवर दोघांच्या सह्या. टीव्ही, फ्रिज, कपाट यांचे बांधण्याआधीचे फोटो. नेणाऱ्याकडून सामान मिळाल्याची पावती घ्या आणि तिच्यावर सामानाची किंमत लिहून घ्या. रस्त्यानं माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे. सामान हरवलं किंवा मोडलं आणि पुढे दावा करायचा असेल, तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवर भांडलेलं त्यात धरत नाहीत. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर जवळ ठेवा. आणि वापरातल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून सूट आहे. त्याच्या नावाखाली कोणी ऐनवेळी पैसे मागितले, तर घाबरू नका.

चौथं. एक पिशवी ट्रकमध्ये चढवूच नका. औषधं, चष्मा, चार्जर, कागदपत्रं, दागिने, दोन दिवसांचे कपडे, दोन चादरी, एक पातेलं, छोटी विजेची शेगडी, चहा-साखर. हात पुसायला एक जुना पंचा. ही पिशवी असेल, तर ट्रक उशिरा आला तरी तुम्ही माणसात राहता. फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून कोरडा करा, आणि नव्या घरी पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करा.

पाचवं. हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि इथे मला माझीच चूक सांगायची आहे.

बडोद्यातून ट्रक रात्री साडेआठला निघाला. पुढचा रस्ता जवळजवळ एकच, राष्ट्रीय महामार्ग ४८. सुरत, मुंबईच्या बाजूनं पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत बंगळुरू. सुमारे चौदाशे किलोमीटर. मंगळवारी पोचणार होता, पार्ट लोडमुळे शनिवारी संध्याकाळी साडेसहाला फाटकाशी आला. आणि फाटकावरच्या रखवालदारानं वही पुढे केली. सोसायटीचा नियम, सहानंतर सामान चढवायचं नाही. रविवारी तर अजिबात नाही. सर्व्हिस लिफ्ट आधी सांगून ठेवावी लागते, डिपॉझिट भरावं लागतं.

हा नियम मला भाडेकराराच्या वेळी दिलेल्या कागदांत होता. मी वाचलाच नव्हता. आठ दिवस मी सगळ्या जगाला दोष देत होतो, आणि शेवटचे दोन दिवस माझ्या एकट्याच्या नावावर होते. ड्रायव्हर शनिवारची आणि रविवारची रात्र ट्रकमध्येच झोपला. त्याची पुढची फेरी बुडाली. म्हणजे आणखी कुठल्या तरी घरी, कुठल्या तरी जिन्यावर, कोणाची तरी आई माझ्यामुळे वाट बघत बसली असणार. तिचा मुलगा याच ड्रायव्हरवर ओरडला असणार.

म्हणून पाचवी गोष्ट ही, की साखळीतली एक कडी आपणही असतो. सोसायटीला आठवडाभर आधी विचारा. लिफ्टची वेळ लेखी घ्या. स्वयंपाकघर आदल्या रात्री बांधून ठेवा, माणसं आल्यावर डबे रिकामे करत बसू नका. आणि जी माणसं वजन उचलणार आहेत, त्यांना आधी पाणी विचारा, मग वेळ.

सोमवारी सकाळी नऊला लिफ्ट मिळाली. दुपारी दोनपर्यंत सगळं वर आलं. एका खोक्यात आईच्या लोणच्याची बरणी फुटली होती, बाकी सगळं धड होतं. आईनं गॅस लावला, देवापुढं दिवा लावला, आणि आपल्या रीतीप्रमाणे पातेल्यातलं दूध उतू जाऊ दिलं. मग त्याच दुधाचा चहा केला. पहिला कप तिनं ड्रायव्हरला दिला. तो लखनौकडचा, ही बडोद्याची मराठी, भाषेची अडचण दोघांनाही आली नाही. तिनं त्याला विचारलं, "तुझं घर कुठं?" तो हसून म्हणाला, "महिन्यातले पंचवीस दिवस गाडीच."

बडोद्यातल्या त्या मुलाचं नाव मी विचारलं नव्हतं. त्याची माफी मागायची राहून गेली. ती आज इथे मागतो, आणि तुम्हाला एवढंच सांगतो. पुढच्या वेळी घर हलवाल, तेव्हा ट्रकला उशीर होणार असं धरूनच चाला. त्या उशिरासाठी वेळ ठेवा, थोडे पैसे ठेवा, आणि चार कप चहा जास्तीचा ठेवा.