सबनेटमधला ब्रॉडकास्ट पत्ता चुकतो तेव्हा

कार्यालयातल्या एखाद्या संगणकावर इंटरनेट नीट चालते, ई-मेल येतात, पण शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर मात्र काही केल्या सापडत नाही. नेटवर्क असे अर्धवट चालू लागले की पहिला संशय प्रिंटरवर, नाहीतर केबलवर जातो. दोष पुष्कळदा ब्रॉडकास्ट पत्त्यात, म्हणजे मुळात सबनेट मास्कमध्ये असतो.

ब्रॉडकास्ट पत्ता हा त्या सबनेटमधला शेवटचा पत्ता. त्यावर पाठवलेला निरोप तिथल्या सर्व यंत्रांसाठी असतो. तो काढायला तोंडी हिशेब पुरतो. मास्क २५५.२५५.२५५.१९२ असेल, तर २५६ मधून १९२ वजा करावेत. उरले ६४. म्हणजे सबनेट ०, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू होतात आणि ६३, १२७, १९१ व २५५ वर संपतात. ब्रॉडकास्ट म्हणजे २५५ ही सवय इथे घात करते, कारण तो शेवट फक्त चौथ्या सबनेटचा.

समजा, दुसऱ्या सबनेटमध्ये १९२.१६८.१०.७० हा संगणक आहे आणि त्याला नजरचुकीने २५५.२५५.२५५.० हा मास्क दिला गेला. तो सर्वांना हाक मारतो ती २५५ या पत्त्यावर. निरोप शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतो, पण ते १२७ ओळखत असल्याने टाकून देतात. शेजाऱ्यांशी एकास एक संवाद मात्र सुरळीत चालतो, म्हणूनच चूक लपून राहते. हा संगणक १३० क्रमांकाच्या यंत्रालाही आपलाच शेजारी समजतो आणि राउटरकडे न जाता थेट शोधतो. राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू असेल, तर तो त्या यंत्राच्या वतीने परस्पर उत्तर देतो आणि चूक आणखी खोल दडते.

तपासताना लिनक्सवर पत्त्यापुढे ‘बीआरडी’ या खुणेनंतरचा आकडा पाहावा. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ फक्त मास्क दाखवते; पुढचा हिशेब स्वतः करावा लागतो. ब्रॉडकास्ट पत्त्याला पिंग करून पाहणे ही भरवशाची कसोटी नव्हे. स्मर्फ नावाच्या हल्ल्यांचा अनुभव आल्यावर अशा पिंगला उत्तर न देणे हीच बहुतेक यंत्रांची रीत झाली, आणि १९९९ पासून परक्या सबनेटसाठीचे ब्रॉडकास्ट राउटरने मुळातच अडवावेत असा नियम आहे. त्यामुळे दुसऱ्या सबनेटमधला झोपलेला संगणक ब्रॉडकास्टने दुरून जागा होत नसेल, तर त्याला बिघाड म्हणता येत नाही. २५५.२५५.२५५.२५५ वरचा निरोपही राउटर ओलांडत नाही. म्हणून पत्ते आपोआप वाटणारा डीएचसीपी सर्व्हर पलीकडे असल्यास अलीकडे रिले बसवावाच लागतो.

दुरुस्ती आधी डीएचसीपी सर्व्हरवरच्या मास्कमध्ये करावी. मग हाताने पत्ता दिलेली यंत्रे पाहावीत: प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, हजेरीचे यंत्र. सबनेट नव्याने पाडताना हीच नेमकी विसरली जातात आणि जुना मास्क धरून बसतात.