गैरहजर स्त्रीचे मत



साहित्य संमेलनाच्या या व्यासपीठावरून अध्यक्षाने भाषेच्या भवितव्याची चिंता वाहावी असा प्रघात आहे. तो बाजूला सारून मी आज दारूविषयी बोलणार आहे, कारण ज्या समाजाच्या नावाने आपण संमेलने भरवितो त्याच्या घरची मजुरी, मुलांची फी आणि बायकोचे मंगळसूत्र ज्या दुकानात जमा होते, त्या दुकानाविषयी मूग गिळून बसणाऱ्या साहित्याला मी प्रामाणिक मानीत नाही.

व्यसन हे दुर्बळ मनाचे फळ, असे म्हटले की सरकार आणि समाज दोघेही मोकळे होतात. जोतीराव फुले असे मोकळे झाले नाहीत. पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना, 1880 साली, शहरातील दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा त्यांनी नगरपालिकेकडेच लेखी तक्रार केली. तेव्हा अबकारीचा महसूल परक्यांच्या खजिन्यात जात होता. आज खजिना आपला आहे, मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने झटावे असे सांगणारे संविधानाचे 47 वे कलम आपले आहे, आणि तरीही दुकान हटविण्याचे सारे ओझे खेड्यातल्या बाईच्याच डोक्यावर आहे.

ते ओझे किती, हे नीट ऐका. गावातले दारूचे दुकान बंद करायचे तर महाराष्ट्राच्या 2008 च्या नियमांप्रमाणे आधी पंचवीस टक्के स्त्री-मतदारांनी अर्ज करावा, सह्यांची पडताळणी व्हावी, मग मतदान व्हावे, आणि त्यात आडव्या बाटलीला, म्हणजे दुकानबंदीच्या चिन्हाला, झालेल्या मतांपैकी नव्हे, तर यादीतील एकूण स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक मते पडावीत. म्हणजे ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणासाठी माहेरी असलेली, नवऱ्याच्या धाकाने उंबऱ्याआत राहिलेली, इतकेच काय, मयत होऊनही यादीत उरलेली, या प्रत्येकीचे मत दुकानदाराच्या पारड्यात! आमदार मात्र झालेल्या मतांत एका मताने पुढे असला तरी निवडून येतो. हा न्याय नव्हे, आणि त्याला लोकशाही म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

आता आपल्याकडे, साहित्यिकांकडे वळतो. दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसाराचे ‘एकच प्याला’ हे नाटक 1919 साली रंगभूमीवर आले. त्यातल्या मद्यप्याच्या पत्नीसाठी, सिंधूसाठी पिढ्यान्‌पिढ्या अश्रू ढाळणाऱ्या याच मराठीत आज वृत्तपत्रे मद्यप्यांना त्याच नाटकातल्या दारूड्याच्या नावाने, कौतुकाने ‘तळीराम’ म्हणतात आणि बैठकीतल्या पेल्याला आपण प्रतिभेचे लक्षण समजतो. दुसरी परंपराही आपलीच आहे. गर्द या अमली पदार्थाने तरुण पोरे गिळायला सुरुवात केली तेव्हा लेखक अनिल अवचटांनी त्यावर लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे यांनी साहाय्य देऊ केले, आणि 1986 साली त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्या हातून पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. गर्दच्या जागी आता एमडीची (मेफेड्रोनची) पुडी आली आहे. तिच्यावर तशा पोटतिडिकीने लिहिणारा मला फारसा आढळत नाही.

म्हणून आडव्या बाटलीचा निर्णय झालेल्या मतांच्या बहुमताने व्हावा, अशी शासनाकडे मागणी करणारा ठराव मी अध्यक्ष या नात्याने मांडीत आहे. ज्यांना तो साहित्यबाह्य वाटत असेल त्यांनी मंडपाबाहेर कुजबुजू नये. याच व्यासपीठावर येऊन, समोर बसलेल्या भगिनींच्या देखत, विरोधाची कारणे सांगावीत.