माहिती कुठून घ्यायची, हे शिक्षकाने ठरवावे



अधिवेशनाच्या अध्यक्षाने आपल्या विषयाची थोरवी गावी, अशी रीत आहे. पण भूगोलाची थोरवी तुम्हा भूगोल शिक्षकांना मी काय सांगणार? म्हणून आज एका साध्या साधनाबद्दल बोलतो. ते साधन म्हणजे फीड रीडर. त्यानिमित्ताने माझा एक आग्रहही आहे: वर्गात माहिती कुठून यावी हे शिक्षकाने स्वतः ठरवावे. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या बिनतारखेच्या मजकुरावर ते सोडू नये.

फीड म्हणजे संकेतस्थळाने आपल्या नव्या मजकुराची ठेवलेली नोंदवही. तीत शीर्षक, तारीख, वेळ, गोषवारा आणि मूळ पानाचा दुवा असतो. आपण निवडलेल्या स्थळांच्या अशा नोंदी फीड रीडर आणतो आणि एकाखाली एक लावतो. नवे वर, जुने खाली. तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज बांधून तुमच्यासमोर काही ढकलणे या रचनेत मुळात नाही.

हे तंत्र १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत सुरू झाले. ते घडवणाऱ्यांत रामनाथन गुहा हे भारतीय वंशाचे संगणकशास्त्रज्ञ होते. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर हा फीड रीडर बंद झाला, तेव्हा हे सारे संपले असे अनेक जण धरून चालले. पण पॉडकास्ट आजही मुख्यतः फीडवरच चालतात आणि फीडली, इनोरीडर यांसारखे रीडर उपलब्ध आहेत. आपल्या स्रोतांची यादी ओपीएमएल नावाच्या छोट्या फाइलमध्ये उतरवून घेता येते. त्यामुळे उद्या एखादे ॲप बंद पडले, तरी यादी उचलून दुसरीकडे नेता येते.

आता वर्गात येऊ. अमेरिकेचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण जगभरच्या भूकंपांच्या फीड विनामूल्य देते. मागच्या तासाच्या, दिवसाच्या, आठवड्याच्या आणि महिन्याच्या, त्यातही २.५ तीव्रतेच्या वरच्या, ४.५ च्या वरच्या अशा वेगवेगळ्या. नववीच्या वर्गाने दर सोमवारी ४.५ च्या वरची आठवड्याची फीड उघडावी आणि भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर ठिपके द्यावेत. काही आठवड्यांत जपान, इंडोनेशिया, टोंगा, चिली असा पॅसिफिकभोवतीचा पट्टा मुलांच्याच हातून उमटू लागतो. पुस्तकातले हे अग्निकंकण पाठ करणे आणि ते स्वतः काढणे यांतला फरक तुम्हाला सांगायला नको.

फीडमधली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. भारतीय वेळेसाठी तीत साडेपाच तास मिळवताना ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताचा धडा आपोआप उजळणीला येतो. पुढे खोलीचा आकडा पाहावा. फिजी-टोंगा भागात पाचशे किलोमीटरहून खोल भूकंप दिसतात, तर हिमालयात बहुतेक उथळ. आणि नेमकी दहा किलोमीटर खोली इतक्या नोंदींत कशी, हा प्रश्न एखादी चौकस मुलगी विचारतेच. उत्तर असे, की खोली नीट काढता येण्याइतकी माहिती नसली की अनेकदा दहा हा आकडा गृहीत धरला जातो. छापलेला प्रत्येक आकडा मोजलेलाच असतो असे नाही, हे एवढ्या एका उत्तरातून मुलांना कळते.

आकडे बदलतातही. भूकंपाची पहिली नोंद बहुधा यंत्राने केलेली असते, तज्ज्ञ ती मागाहून तपासतात. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपाची तीव्रता आधी ७.५, मग ७.९ आणि शेवटी ७.८ अशी जाहीर झाली. ही दुरुस्ती म्हणजे कुणाची फजिती नव्हे. विज्ञान असेच चालते.

या साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. ज्या मुलाच्या घरातली भांडी रात्री वाजली, त्याला सकाळी या जागतिक फीडमध्ये बहुधा काहीच सापडणार नाही. अमेरिकेबाहेरचे लहान भूकंप तिच्यात सहसा येत नाहीत. माझ्या गावचा धक्का जगाच्या यादीत का नाही, हा प्रश्न भूकंपमापकांच्या जाळ्यापर्यंत नेतो आणि तिथून दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या नोंदींपर्यंत. कोयना, ११ डिसेंबर १९६७ आणि किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३ या भूकंपांच्या तारखा ज्या राज्याने सोसल्या, तिथल्या वर्गात हा प्रश्न निघायलाच हवा.

भूकंप हे एक उदाहरण झाले. स्मिथसोनियन संस्थेचा ज्वालामुखींचा साप्ताहिक अहवाल फीडने मिळतो. नासाच्या फीड आहेत, आपल्या पत्र सूचना कार्यालयाच्याही आहेत. पण इथेच मोह आवरावा लागतो. पन्नास फीड जोडल्या की न वाचलेल्या नोंदींचा आकडा फुगतो आणि पंधरवड्यात शिक्षक ॲप उघडायचेच सोडतो. पाच स्रोत पुरेत. प्रत्येकाबद्दल तीन प्रश्न विचारावेत: माहिती कोण देतो, ती त्याने स्वतः मोजली की दुसऱ्याकडून घेतली, आणि चूक झाल्यास तो ती उघडपणे दुरुस्त करतो का? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तरच स्रोत यादीत घ्यावा. दहावीच्या मुलांना या चाचणीतून स्वतःची यादी करायला लावावी. माझ्या मते यादी करणे हाच खरा धडा आहे, फीड रीडर केवळ निमित्त.

वर्गात एकच फोन असला तरी हे जमते. नोंदी मुख्यतः अक्षरांच्या असल्याने कमी डेटा लागतो, आणि मुलांना कुठेही खाते उघडावे लागत नाही. इंग्रजी नोंद मुलांनी मराठीत दोन ओळींत मांडावी, तारीख आणि स्रोत यांसह फळ्यावर लिहावी. स्रोताशिवाय नोंद नाही, हा वर्गाचा नियम असावा.

या अधिवेशनाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. प्रत्येक तालुक्यातील भूगोल शिक्षकांनी मिळून पाच स्रोतांची एक यादी करावी आणि तिची ओपीएमएल फाइल एकमेकांना द्यावी. आणि हवामान, धरणसाठा, भूजल यांची माहिती देणाऱ्या ज्या सार्वजनिक कार्यालयांकडे फीड नाही, त्यांच्याकडे ती मागणारा ठराव आपण इथेच संमत करावा. जनतेच्या पैशातून मोजलेला पाऊस शाळेच्या फळ्यापर्यंत पोहोचलाच पाहिजे.