लेखिकेचं चरित्र की लेखिकेचा तपास?



लेखिकेचं चरित्र लिहिताना तिचं जगणं आणि तिचं लेखन एकत्र कसं आणायचं, यावर मी बोलणार आहे. मी साहित्याची अभ्यासक नाही, समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती आहे. म्हणून उदाहरण घेते ते माझ्या कामाला जवळचं, विभावरी शिरूरकरांचं.

१९३३ साली त्यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, मिळवत्या, पण लग्न लांबलेल्या मुलींची घुसमट त्यात होती. पुस्तकावरून गदारोळ उठला. चर्चा कशाची? ही विभावरी कोण, बाई की पुरुष, हे तिचेच अनुभव का? मुलींची घुसमट राहिली बाजूला आणि लेखिकेचा तपास सुरू झाला. विभावरी म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. कर्व्यांच्या संस्थेच्या कन्याशाळेत त्या शिकवत होत्या.

नायिकेला पुरावा मानून लेखिकेच्या खाजगी आयुष्यात डोकावणं, हा तपास झाला. ती कुठे काम करत होती, तिच्या अवतीभवती कोणत्या बाया होत्या, टोपणनाव घ्यायची पाळी तिच्यावर का आली, हे सांगितलं तर ते चरित्र.

१९५० सालची ‘बळी’ कादंबरी घ्या. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, पुढे त्यांना वसाहतींत डांबलं. सोलापूरच्या अशा वसाहतीत मालतीबाई अधिकारी होत्या. ‘बळी’ तिथल्या माणसांची. अहवालात न मावणारं माणसांचं दुःख त्यांनी कादंबरीत आणलं. पण त्या स्वतः कुंपणाच्या सरकारी बाजूला होत्या, हेही चरित्रात यायला हवं. आदरापोटी ते गाळलं, तर ‘बळी’मागची अस्वस्थता कळणारच नाही.

मालतीबाईंनी वडिलांच्या जीवनावर ‘खरेमास्तर’ लिहिलं, पण कादंबरी म्हणून. कल्पनेला कल्पनेचं नाव देण्याचा हा प्रामाणिकपणा आपणही शिकावा.

आपल्या गटांतून बायकांच्या जीवनकथा लिहिल्या जातात, त्यांच्या ओव्या-कविता छापल्या जातात. त्या वेळी दोन प्रश्न विचारू या. हे तिने सांगितलं, की तिच्या ओवीवरून मी ठरवलं? आणि छापून आल्यावर उद्या घरात, गावात तिला कोणाला तोंड द्यावं लागेल? उत्तर तिलाच विचारायचं. ती नको म्हणाली, तर ते पान आपल्या वहीतच राहू द्यायचं.