डीजेचं बिल सुपारीच्या दिवशी सुरू होतं

लग्नसराईत बीड बायपासवरच्या लॉन्समधून रात्री सगळ्यात शेवटी निघतो तो डीजेवाला. केटररचा हिशोब झालेला असतो, मंडपवाल्यानं इसार आधीच घेतलेला असतो. वायरी गुंडाळणाऱ्या या पोराला मात्र "उद्या फोन कर" एवढंच उत्तर मिळतं. पैसे बुडण्याचं मूळ त्या रात्रीत नसतं. महिनाभरापूर्वी फोनवर तोंडी झालेल्या बोलीत असतं.

नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, सुपारी ठरते, इसार हातात पडतो. आपल्याकडच्या डीजेंनीही हीच रीत धरावी, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. तारीख, ठिकाण, रक्कम, इसार हे सगळं सुपारीच्या दिवशीच कागदावर यावं. निदान व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवावं आणि यजमानांचा होकार घ्यावा.

त्यात शेवटच्या गाण्याची वेळ हवीच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमची सुपारी त्या दिवसांतली असेलच असं नाही. वरात रेंगाळत नऊला लॉनवर आली, तर तीन तासांच्या कार्यक्रमाला एकच तास उरतो आणि यजमान पैसे कापतात. म्हणून लिहावं : "डीजे ठरल्या वेळी हजर असेल, तर यजमानांकडून उशीर झाला तरी बिदागी पूर्ण." दहानंतर वाजवण्याचे जादा पैसे कुणी देऊ केले तरी घेऊ नयेत. सिस्टीम जप्त झाली तर भाडं डोक्यावर बसतं.

आता बिल. शेंद्र्याच्या एखाद्या कंपनीचं स्नेहसंमेलन धरा. बिदागी 25,000, साऊंडचं भाडं 18,000, गाडी 2,000, एकूण 45,000. इसार 20,000 वजा, बाकी 25,000. वर बिल क्रमांक, तारीख, पॅन आणि बँक खातं. साऊंड दुसऱ्याचा असेल तर त्याचं बिल त्यालाच थेट कंपनीला देऊ द्या. नाहीतर ते 18,000 तुमच्या उलाढालीत धरले जातात, आणि सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणं बेकायदा आहे, हे विसरू नका.

कंपनीनं टीडीएस कापला तर घाबरू नका. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, विवरणपत्र भरताना हिशोबात येतो. पॅन दिला नाही तर कपात 20 टक्क्यांवर जाते.

आणि उद्यम नोंदणी करा, ती मोफत आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं अशा नोंदणीकृत व्यावसायिकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, दादही मागता येते. नोंदणी मात्र सुपारी घेण्याआधीची हवी, मागाहून केली की तिच्यावरूनच वाद होतो.