सप्तपदी, कन्यादान आणि कायदा



हिंदू लग्न म्हटले की अंतरपाट, मंगलाष्टके, अक्षता आणि वाजंत्री डोळ्यांपुढे उभी राहतात. अंतरपाट दूर झाला, वधूवरांनी परस्परांना हार घातले, की लग्न लागले असे समजून मंडळी पंगतीकडे वळतात. वैदिक पद्धतीच्या विवाहाचा गाभा मात्र त्यानंतर, मांडव अर्धा रिकामा झाल्यावर होतो. अग्नीसमोरील होम आणि सप्तपदी हा तो गाभा होय. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम असे की, विवाह वधू किंवा वर यांपैकी कोणाही एका पक्षाच्या रूढ विधींनी व्हावा. आणि त्या विधींत सप्तपदी असेल, तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण व बंधनकारक होतो.

कन्यादानाचा थाट सर्वांत मोठा. पिता मुलीचा हात वराच्या हाती देऊन पाणी सोडतो. जिचे दान व्हायचे तिला कोणी विचारीत नाही. तथापि वैधतेसाठी कन्यादान आवश्यक नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये स्पष्ट केले. मंगळसूत्राचा तर सातव्या कलमात उल्लेखही नाही.

आपण हे विधी सोडले. मग ही चर्चा कशाला, असे कोणी विचारील. कारण हे की, दुसऱ्या कलमान्वये हा कायदा बौद्धांनाही लागू आहे.

१९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आपल्याच महाराष्ट्रातील एक खटला आला होता. पहिली पत्नी हयात असता पतीने फेब्रुवारी १९६२ मध्ये दुसरे लग्न केले. पाट मांडले, तांब्यावर विड्याची पाने व नारळ ठेवून पूजा केली, हार घातले, कपाळाला कपाळ लावले. याला ते गांधर्व विवाह म्हणत. खालच्या न्यायालयांनी द्विभार्या गुन्ह्याखाली शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. होम नाही, सप्तपदी नाही. आणि गेली पाच-सात वर्षे लोक त्यांवाचून लग्ने लावीत असले, तरी तेवढ्याने रूढी सिद्ध होत नाही, असा निर्णय झाला. दुसरा विवाह कायद्याने विवाहच नव्हता, म्हणून गुन्हाही नव्हता! विधी अपुरा ठेवणारा पुरुष सुटला आणि पहिली पत्नी रिकाम्या हाताने परत गेली. भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमाखालीही दुसरा विवाह विधिपूर्वक झाला होता हे आधी सिद्ध करावे लागते.

मद्रास राज्याने यावर उपाय शोधला. तेथील स्वाभिमान विवाहांना, म्हणजे पुरोहित व होम टाळून आप्तेष्टांसमक्ष, समजेल अशा भाषेत एकमेकांचा स्वीकार करणाऱ्यांच्या विवाहांना, १९६७ च्या दुरुस्तीने मान्यता मिळाली. मूळ केंद्रीय कायद्यात तसे कलम नाही.

आपला विधी, म्हणजे त्रिशरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा व पुष्पहार, पाच-सात वर्षांचा राहिलेला नाही. परंतु कायद्याच्या व्याख्येत रूढी दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळलेली असावी लागते. 'एकसारखी' हा शब्द महत्त्वाचा आहे. नव्याने धम्मात आलेल्या घरांत आजीच्या समाधानासाठी मंगलाष्टके, मामाच्या आग्रहासाठी अंतरपाट, आणि शेवटी घाईघाईने पंचशील असा मेळ घातला जातो. ना सप्तपदी पुरी, ना आपला विधी पुरा. पुढे पोटगीचा किंवा वारसाचा वाद उठला की प्रतिपक्षाचा वकील पहिला प्रश्न विचारतो, "कोणता विधी झाला?" पक्षकार छायाचित्रांचा अल्बम पुढे करतात, त्यात पंगतीच अधिक असतात.

तेव्हा आपला विधी संपूर्ण करा, प्रतिज्ञा वधूवरांच्या तोंडून स्पष्ट वदवून घ्या, साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि नंतर नोंदणी करा. क्रम उलटा नको. विधी न करता केवळ प्रमाणपत्रावर नोंदविलेला विवाह सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये विवाह म्हणून मानला नाही. ज्यांना कोणताच विधी नको, त्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने तीस दिवसांची नोटीस देऊन, विवाह अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमोर विवाह करावा. तेथे विधीचा प्रश्नच येत नाही.