नागपूर की अमरावती? विदर्भातली कॉलेजं एकमेकांशी ताडून कशी बघायची

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा, आणि फॉर्म भरणाऱ्या मित्राला पाठवा.)



आजचा भाग माझ्या घरातून आलाय. धाकट्या बहिणीची बारावी झाली, सीईटीचा निकाल लागला आणि आता कॅपचा ऑप्शन फॉर्म भरायचाय. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, यवतमाळ जिल्ह्यात. परवा रात्री जेवताना तिने विचारलं, "दादा, नागपूर चांगलं की अमरावती?" मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "नागपूरलेच टाक तिले. नागपूर ते नागपूर." बाबा म्हणाले, "आधी फीचं कसं करायचं ते पाहा."

आणि मी गप्प बसलो. कारण काही वर्षांपूर्वी याच ताटावर हाच प्रश्न मी विचारला होता, आणि "नागपूर ते नागपूर" हेच उत्तर ऐकून मी कॉलेज निवडलं होतं. नाव सांगत नाही. शहरापासून बरंच लांब होतं. हायवेवरच्या होर्डिंगवर एका मुलाचा फोटो आणि पॅकेजचा भलामोठा आकडा. आत गेल्यावर कळलं की तो मुलगा वेगळ्या ब्रँचचा होता. आमच्या वर्कशॉपमधल्या दोन लेथवर कापड टाकलेलं असायचं, ते प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यातच निघायचं. एका विषयाला एकाच सेमिस्टरमध्ये तीन सर बदलले. आणि फीची तारीख आली म्हणून बाबांनी त्या वर्षी तूर भाव पडलेला असताना विकली. हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही आईकडून.

म्हणून आज मी कोणतं कॉलेज घ्या ते सांगणार नाही. ते ताडून कसं बघायचं, तेवढं सांगतो. उदाहरण आपल्या विदर्भाचं घेतो, कारण तो मला माहितीय. तुम्ही मराठवाड्यात किंवा खानदेशात असाल तर नावं बदला, पद्धत तीच.

पहिली गोष्ट. डिग्री कोण देणार?

विदर्भात अकरा जिल्हे आणि तीन मोठी पारंपरिक विद्यापीठं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ सगळ्यात जुनं, 1923 चं. त्याच्याकडे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ 1983 चं. त्याच्याकडे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम. आणि गोंडवाना विद्यापीठ 2011 चं, गडचिरोलीला. त्याच्याकडे चंद्रपूर आणि गडचिरोली.

इथपर्यंत सोपंय. पण कॉलेज नागपुरात आहे म्हणजे डिग्री नागपूर विद्यापीठाचीच असेल, असं समजू नका. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे ना, रायगड जिल्ह्यातलं, त्याला राज्यभरातली इंजिनिअरिंग कॉलेजं जोडलेली आहेत, विदर्भातलीसुद्धा. काही कॉलेजं स्वायत्त आहेत. ती अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, पण पदवी विद्यापीठाचीच मिळते. उदाहरणार्थ, अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 चं आहे आणि स्वायत्त आहे. काही जुन्या कॉलेजांची अलीकडे थेट खाजगी विद्यापीठं झालीत. आणि नागपूरचं लक्ष्मीनारायण, म्हणजे आपलं एलआयटी, 1942 पासून केमिकलसाठी ओळखलं जातं. ते आधी नागपूर विद्यापीठाचा भाग होतं, आता स्वतंत्र विद्यापीठ आहे.

मग फरक काय पडतो? पेपर कोण काढणार, सिलॅबस किती वर्षांनी बदलणार, निकाल कोण लावणार, हे सगळं यावर ठरतं. फीची सवलतसुद्धा. तिच्याकडे येतोच.

दुसरी गोष्ट. तुम्ही कोणत्या रांगेत उभे आहात?

इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये बऱ्याच कॉलेजांत 70 टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या मुलांसाठी आणि 30 टक्के बाहेरच्यांसाठी असतात. होम युनिव्हर्सिटी म्हणजे तुमचं गाव कुठलं ते नाही बरं का. बारावी कुठून पास झालात, ते बघतात. माझी बहीण यवतमाळला शिकली, म्हणजे तिची होम युनिव्हर्सिटी अमरावती. तिच्या मैत्रिणीने बारावी नागपुरात केली, तिची नागपूर. तिसरी लातूरला गेली होती, तर तिची नांदेडची. तिघी एकाच गावच्या, पण एकाच कॉलेजचा कटऑफ तिघींसाठी वेगळा.

म्हणून कटऑफची पीडीएफ उघडली की फक्त कॉलेज आणि ब्रँच बघून थांबू नका. जागेचा प्रकार बघा, प्रवर्ग बघा. "माझ्या मित्राला एवढ्यावर लागलं होतं" हे वाक्य त्यामुळेच धोक्याचं आहे. मित्र कदाचित दुसऱ्याच रांगेत होता.

व्हीएनआयटीची रांग तर पूर्णच वेगळी. 1960 साली ते रीजनल इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू झालं, आज ते महाराष्ट्रातलं एकमेव एनआयटी आहे. तिथे प्रवेश जेईई मेनवर आणि जोसाच्या फेऱ्यांमधून. निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी. सीईटीत कितीही पर्सेंटाइल असू दे, तिथे चालत नाही. दरवर्षी कुणीतरी हे ऑगस्टमध्ये विचारतं, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मेडिकलवाल्यांसाठी एक ओळ. मेडिकलमध्येसुद्धा पूर्वी विभागानुसार 70-30 होतं, पण राज्य सरकारने ते 2020 मध्ये रद्द केलं. घरातल्या मोठ्यांना अजून जुना हिशोब आठवतो. त्यांना नीट सांगा.

तिसरी गोष्ट. शेवटी खिशातून किती जाणार?

बाबांचा प्रश्न हाच होता, आणि मला तो तेव्हा कळला नव्हता. वेबसाइटवर दिसते ती फी वेगळी आणि तुम्ही भरणार ती वेगळी.

2024 मध्ये सरकारने एक निर्णय घेतला. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर एसईबीसी, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण प्रवेश कॅपमधून पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. आणि खाजगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. आता लक्षात आलं का, डिग्री कोण देणार हे मी आधी का विचारायला सांगितलं? शेजारी शेजारी दोन इमारती असतात, एकीत तुमच्या बहिणीची ट्यूशन फी माफ आणि दुसरीत पूर्ण. आणि गेटवर हे कुणी लिहून ठेवत नाही.

मुलग्यांसाठी आणि बाकीच्या प्रवर्गांसाठी वेगवेगळ्या योजना आहेत. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत खुल्या प्रवर्गातल्या मुलांना 8 लाखांच्या आत निम्मी ट्यूशन फी मिळते. एससी आणि एसटीच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या. सगळे अर्ज महाडीबीटीवर. उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं आजच तयार ठेवा.

आणि यात न येणारं कागदावर लिहा. खोलीचं भाडं, मेस, बस, डेव्हलपमेंट फी. कॉलेज गावाबाहेर असेल तर बसचे वर्षाचे पैसे विचारा. आमच्या वेळी हा आकडा कुणी जोडलाच नव्हता.

चौथी गोष्ट. कॉलेज नको, ब्रँच बघा.

नॅकचा ग्रेड पूर्ण कॉलेजला मिळतो. एनबीएची मान्यता एकेका कोर्सला मिळते. त्यामुळे ए प्लस कॉलेजात तुमच्या ब्रँचला एनबीए नसू शकतं. विचारा. आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे तेही विचारा, कारण ती संपते.

पॅकेजचं गणित एकदा करून बघू. समजा दहा मुलांना नोकरी लागली. नऊ जणांना 3 लाख आणि एकाला 40 लाख. बोर्डावर येणार "हायेस्ट 40 लाख". सरासरी काढली तर 6 लाख 70 हजार. पण दहा जणांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर मधल्या मुलाला किती? 3 लाख. त्याला मीडियन म्हणतात. तुम्ही बहुतेक त्या मधल्यासारखेच असणार, मीसुद्धा होतो.

हा आकडा शोधायचा कुठे? जी कॉलेजं एनआयआरएफ रँकिंगमध्ये भाग घेतात, ती दिलेली माहिती आपल्या वेबसाइटवर टाकतात. रँक आली नसली तरी ही पीडीएफ असते. त्यात किती मुलं आली, किती वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, मीडियन पगार किती, पुढे शिकायला किती गेली, एवढं सगळं असतं. लक्षात ठेवा, आकडे कॉलेजनेच भरलेले असतात. म्हणून सलग तीन वर्षांच्या पीडीएफ शेजारी ठेवा. आणि एक आकडा आवर्जून बघा: आलेली मुलं आणि वेळेत पास झालेली मुलं, यात अंतर किती? माझ्या वर्गात हे अंतर मोठं होतं. होर्डिंगवर त्याचा फोटो नव्हता.

इंजिनिअरिंग सोडूनही हेच लागू होतं. नागपूरचं मेडिकल 1947 चं, सेवाग्रामचं 1969 चं, आणि गोंदिया, चंद्रपूर ही सरकारी कॉलेजं गेल्या दहा-बारा वर्षांतली. चौघांची डिग्री एकाच विद्यापीठाची, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. मग फरक कुठे? सोबतच्या हॉस्पिटलमध्ये आणि शिकवायच्या पद्धतीत. सेवाग्रामला मुलं खेड्यात जाऊन काम करतात, खादी घालतात. कुणाला ते जमेल, कुणाला नाही. शेतीत रस असेल तर अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, 1969 पासून. बीए, बीएस्सी करणाऱ्यांसाठी नागपुरात 1883 पासूनचं हिस्लॉप आहे. जुनं आहे म्हणून चांगलं आणि नवीन आहे म्हणून कच्चं, असं मात्र सरसकट धरू नका. तुमच्या विषयाला आज किती कायम प्राध्यापक आहेत, ते विचारा.

पाचवी आणि शेवटची. एकदा जाऊन या.

आम्ही मागच्या आठवड्यात गेलो. बुधवारी गेलो, मुद्दाम. ओपन डे नव्हता, काही नव्हतं. नागपूरचं एक आणि अमरावतीचं एक. बहिणीने ऑफिसमध्ये काहीच विचारलं नाही. ती कँटीनमध्ये थर्ड इयरच्या मुलींजवळ जाऊन बसली आणि तीन प्रश्न विचारले. लॅब शेवटची कधी झाली? हॉस्टेलला किती वाजता गेट बंद होतं, आणि लायब्ररी त्यानंतर चालू असते का? आणि ताई, परत निवडायचं झालं तर हेच घ्याल का? तिसऱ्या प्रश्नाला एका ठिकाणी मुली एकमेकींकडे बघून हसल्या. दुसऱ्या ठिकाणी एकीने वीस मिनिटं तिला लॅब फिरवून दाखवली. परतीच्या एसटीत तिला मी काही विचारलं नाही.

आता फॉर्मबद्दल. ऑप्शन फॉर्ममध्ये क्रम म्हणजे सगळं काही. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ती सीट आपोआप गोठते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. बाकीचे नियम दरवर्षी बदलतात, यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, कॅफेवाल्या दादाच्या भरवशावर राहू नका. मामांना खूश करायला पहिल्या नंबरवर काही टाकू नका. लागलं तर जावं तुम्हाला लागेल, मामांना नाही.

बहिणीने काल रात्री यादी केली. वहीच्या पानावर पाच रकाने: डिग्री कुणाची, माझी रांग कोणती, खिशातून किती, वेळेत पास किती, आणि "कँटीन". वरच्या नंबरला अमरावतीचं ठेवलंय, खाली नागपूरची दोन. मामांनी पान बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हे बसचे पैसे वर्षाचे का महिन्याचे?"

"वर्षाचे."

"मंग बरोबर आहे."

बाबा काही बोलले नाहीत. यंदाची तूर अजून घरात आहे.

तुमची वही कुठपर्यंत आली ते मला कळवा. फॉर्म भरताना कुठे अडलात तर प्रश्न पाठवा, पुढच्या भागात तेच घेऊ. तोवर काळजी घ्या, दाखले काढून ठेवा. भेटू.